इंजिनातली एक इंचाची फळी

—नाही ताई, पिशवी झालेली नाही. झालेली नाही म्हणजे मी कापडाला कातरच लावली नाही, आणि का लावली नाही ते ऐकलंत तर तुम्हीच म्हणाल, मास्तर, बरं झालं नाही लावली! बसा ना. त्या स्टुलावर नको, त्यावर डिंक सांडलाय — या खुर्चीवर बसा, तो कोट द्या इकडे. मी काल दुपारपासून नुसता नाचतोय. खरंच नाचलो, विचारा हिला, आमची ही आत काज करत बसलीय ना, तिनं पाहिलंय — या वयात, या गुडघ्यांवर, इस्त्रीच्या टेबलाभोवती दोन फेऱ्या! कशामुळे? तुमच्या वडिलांच्या पॅन्टमुळे. हो, हीच. खाकी, जाड, गुडघ्यावर तेलाचा डाग असलेली. परवा तुम्ही आणून दिलीत — बाबा गेले, बाकीचे कपडे देऊन टाकले, ही तेवढी देववेना, हिची पिशवी करून द्या म्हणालात. आणि पायरी उतरता उतरता म्हणालात, खाणीतलं छोटं इंजिन चालवायचे ते. एवढं म्हणालात आणि गेलात! मी इथे बाही लावत होतो, सुई घुसली बोटात. हे बघा, अजून लाल आहे.

खाणीतलं छोटं इंजिन म्हणजे कुठलं — थांबा, दाखवतोच. जरा हे तागे सरकवतो — हं, हा सूटचा खोका, याच्यात. हां! बघा! पाहिलंत? डिझेल इंजिन, दोन फुटी रुळांवरचं, चुनखडीच्या वाघिणी ओढणारं, एकास वीस प्रमाणात. म्हणजे खऱ्याचे वीस इंच तिथे माझा एक इंच. हात लावा, लावा, मोडत नाही. पुढे ही जाळी आहे ना, इंजिनाला वारा लागायची, ती कशाची आहे सांगा. — नाही. — पत्रा नाही हो! चेन! पॅन्टची पितळी चेन, चार चेनी शेजारी शेजारी चिकटवल्यात. दिवा म्हणजे टिचबटण. वाघिणी जोडायचा आकडा म्हणजे कमरेचा हूक. छत बकरमचं, कॉलरच्या आत घालतात त्या ताठ कापडाचं, त्यावर पाच हात रंग. ही म्हणते, गिऱ्हाइकाच्या पॅन्टला लावायला दुकानात हूक सापडत नाही आणि इंजिनाला मात्र सहा-सहा. तसं खरंच आहे ते.

माझं खूळ तसं जुनं. लग्न करून मी या दुकानात आलो — दुकान सासऱ्यांचं, मी जावई म्हणून आलो आणि आठवड्याभरात मशीनवर बसलो — तेव्हा खाणीच्या माणसांचे युनिफॉर्म इथे शिवले जायचे. गठ्ठे पोचवायला मी जायचो. फाटकाशी उभा राहिलो की ते समोरून जायचं. केवढंसं हो! बॉनेट आपल्या खांद्याला लागेल एवढं, पण आवाज असा की छातीतली हाडं मोजून घ्यावीत. दुसरं काही इतकं आवडलंच नाही मला त्यानंतर, बायको सोडून — ऐकलंस का गं, बायको सोडून म्हटलं! — पुढे खाण बंद झाली, इंजिन कापून भंगारात गेलं, बनवणारा कारखाना बुडाला, नकाशे रद्दीत गेले. चौदा महिने शोधतोय मी. पत्रं लिहिली. म्हाताऱ्या फिटरांच्या घरी जाऊन बसलो. एकाकडे तर तीन तास टिपणं घेतल्यावर कळलं, की खाणीत हे नव्हतेच, यांचे भाऊ होते. हे आपले बोलायला माणूस मिळालं म्हणून बोलत होते! एवढं करून हाती काय लागलं, तर एक चाक आणि एक फोटो.

हा तो फोटो. — ओळखलंत! ओळखलंत ना? मला वाटलंच होतं. मिशीवरून? — उभं राहण्यावरून. असं होय. नव्हता पाहिला कधी? घरी नव्हता? मग हा ठेवा तुम्ही, माझ्याकडे याच्या चार प्रती आहेत, एक मशीनवर, एक आत आरशाला, एक — असू दे. घ्या. पण आधी ऐका, खरी गंमत पुढेच आहे.

आता फोटोवरून इंजिन बांधायचं म्हणजे मापं काढायला हवीत, आणि फोटोत काही फूटपट्टी नसते. मग लोक काय करतात, तर शेजारी माणूस उभा असेल त्याची उंची अंदाजानं धरतात, साडेपाच फूट असेल, पावणेसहा असेल, आणि त्यावरून बाकीचं मोजतात. अंदाजानं! मी शिंपी आहे हो. शिंपी अंदाज करत नाही, वही उघडतो. सासऱ्यांच्या मापाच्या वह्या सगळ्या आहेत माझ्याकडे, माळ्यावर, वर्षवार. काढली. सापडलं पान. ‘छोट्या गाडीचे ड्रायव्हर — लांबी चाळीस, कंबर बत्तीस.’ लांबी म्हणजे कमरेपासून खाली मोरीपर्यंत, पाऊल बाहेर येतं त्या तोंडापर्यंत. आणि त्या चाळिसाच्या पुढे, पेन्सिलीनं, बारीक, ‘वजा एक.’ म्हटलं वजा एक कशाला? मग माझं मीच ठरवलं — यंत्रावरची माणसं, मोरी कशात अडकायला नको, म्हणून इंचभर आखूड शिवली असणार. हुशारी बघा माझी! बाकीच्या ड्रायव्हरांच्या पानावर वजा एक आहे का, हे बघितलं का मी? नाही बघितलं! चाळिसातून एक गेला, एकोणचाळीस. फोटोतली पॅन्ट एकोणचाळीस इंच धरली आणि त्यावरून अख्खं इंजिन मापलं. म्हणजे तुमच्या वडिलांची पॅन्ट हीच माझी फूटपट्टी! बांधलं की सगळं. आठ महिने.

आणि मग ते चाक सापडलं. एका गॅरेजच्या फाटकाला वाऱ्यानं बंद होऊ नये म्हणून टेकण लावलेलं. मी बसमधून पाहिलं, ओरडलो, बस थांबवली — कंडक्टर काय बोलला ते सांगत नाही — आणि गळ्यातली टेप काढून रस्त्यात बसून मोजलं. वीस इंच. बरोबर वीस. आणि माझ्या हिशेबानं यायला हवं होतं साडेएकोणीस. आता चाक झिजून लहान होतं ताई, पडून पडून मोठं होत नाही! अर्धा इंच आला कुठून? मी दोन महिने जेवताना ताटात चाकं काढत होतो. ही म्हणाली, एक दिवस तुम्हाला तपासून आणते.

त्यात पुन्हा ती फळी. फोटो बघा नीट — तुमच्या बाबांच्या खांद्यामागे इंजिनाची केबिन उघडी दिसते ना, तिच्या तळाला, उजव्या हाताला, ही काळी पट्टी. हे भिंग घ्या. दिसली? लाकडाचा तुकडा आहे, फूटभर लांब, एक इंच जाड, खिळ्यांनी ठोकलेला. दुसऱ्या कुठल्याही इंजिनात नाही. याच कारखान्याच्या अकरा इंजिनांचे फोटो मिळवले मी, एकातही नाही! मग ही काय आहे? आमचं एक मंडळ आहे, असलीच खुळी माणसं, अकरा जण, त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत — त्यांच्याकडे बारीक हत्यारं फार छान असतात, पण माणूस म्हणजे, कसं सांगू, समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलायची सवय आहे त्यांना, उलट उत्तर ऐकून घ्यायची नाही. ते म्हणाले, हे वाळूच्या पेटीचं झाकण. रूळ ओले असले की चाक घसरतं, म्हणून चाकाखाली वाळू सोडतात, ती भरायचं झाकण. मी म्हटलं, छे, हत्यारांच्या पेटीचं. ते म्हणाले वाळू. मी म्हटलं हत्यारं. वर्षभर! शेवटी पैज लागली. या रविवारी मंडळापुढे माझं इंजिन आणि नकाशा मांडायचाय, नकाशात त्या फळीवर बाण काढून लिहायचंय काय आहे ते, आणि जो चुकला त्यानं अकरा जणांसमोर उभं राहून म्हणायचं, ‘मी चुकलो, माझ्यापेक्षा यांना जास्त कळतं.’ नीट मोठ्यानं. आज पाचला येतायत ते नकाशा बघायला. किती वाजले? — साडेचार. अहाहा. येऊ द्या, आज येऊच द्या!

कारण काल दुपारी मी तुमची पॅन्ट टेबलावर टाकली. पिशवीला कापायची म्हणून दोन्ही पाय एकावर एक ठेवले, शिवण शिवणीला लावली, कातर हातात घेतली — आणि खाली बघतो तर मोऱ्या जुळेनात! उजवा पाय आखूड. एक इंच. टेप लावली, डावा चाळीस, उजवा एकोणचाळीस. पहिल्यांदा काय केलं सांगू? ओरडलो — अगं, तुझ्या बापाची चूक सापडली! तीस वर्षं ऐकतोय मी, बाबांची शिलाई आणि बाबांचा हात आणि बाबांनी एक धागा कधी चुकवला नाही. धावत आली ही. आनंदानं नव्हे. मग तिनंच मोरी उलटी केली आणि म्हणाली, डोळे आहेत की बटणं? ही चूक आहे होय? बघितलं तर आतला इंच जास्तीचा, नीट दुमडून, वर इतकी बारीक तुरपाई की बाहेर टाका दिसू नये. कापला नव्हता, दुमडला होता. एका पायाचा. आणि मग ताई, माझ्या डोक्यात ते पेन्सिलीचं अक्षर — वजा एक! माळ्यावर चढलो, वही काढली, बाकीच्या ड्रायव्हरांची पानं बघितली. कुणाच्याही पुढे वजा एक नाही. एकाच माणसाच्या पुढे. फोटोत तुमच्या वडिलांची डावी बाजू दिसते, म्हणजे डावा पाय, म्हणजे चाळीस धरायला हवं होतं, मी धरलं एकोणचाळीस! चाळीस धरून चाक मोजा — वीस! बरोबर वीस! अर्धा इंच सापडला! आणि मी पहिली फेरी मारली टेबलाभोवती.

आणि दुसरी फेरी कशाची, ते ओळखा. — अहो फळी! एक इंच जाड, केबिनच्या तळाला, उजव्या बाजूला! त्या इंजिनात बसायला जागाच नाही, आठ-आठ तास उभ्यानं चालवायचं. ज्याचा उजवा पाय एक इंचानं आखूड, त्यानं काय करावं? पायाखाली एक इंचाची फळी ठोकून घ्यावी! वाळू नाही, हत्यारं नाही, झाकणच नाही ते! पाय ठेवायची जागा ती! मोजून आखूड, मोजून जाड! चौदा महिने अकरा माणसं भिंग घेऊन बसली होती, आणि उत्तर पॅन्टच्या मोरीत! कुणाला सुचलं असतं? शिंप्यालाच! दातवाल्यांना जन्मात नाही! आता सगळं इंजिन पुन्हा बांधायचं, शंभराला अडीचनं मोठं करायचं, आठ महिने पुन्हा, आणि मला त्याचं काही म्हणजे काहीच — मी तर आज सकाळपासून शीळ घालतोय हो! डॉक्टर येणार, मी ही पॅन्ट अशी त्यांच्यासमोर टाकणार, मोरीला मोरी लावणार, एक अक्षर बोलणार नाही, आणि —

ताई? काय झालं?

नाही — म्हणजे — तुम्हाला माहीतच असेल ना. मुलगी तुम्ही. एक इंच म्हणजे काही फार — नव्हतं? खरंच नव्हतं माहीत? चालताना दिसत असेल की. — बरोबर, तेच म्हणत असतील ते. दिवसभर इंजिन हादरतं म्हणून. खाणीतली माणसं सगळीच जराशी झुलत चालायची, त्यात कुणाला कळणार. — दाढी करताना? पायपुसण्याची घडी करून? उजव्या पायाखाली? रोज? आणि तुम्हाला वाटायचं, फरशी गार लागते. हं.

अगं, पाणी आण जरा.

खरं सांगू, त्यांना लपवावंच लागलं असणार. खाणीचा नियम कडक होता, इंजिनावरचा माणूस धडधाकट हवा, नाहीतर जा दगड फोडायला. खाणीचे डॉक्टर दरवर्षी तपासायचे, पण काय तपासायचे, तर डोळे आणि कान. पायाला टेप लावणारा माणूस सगळ्या जगात एकच, शिंपी. मोऱ्या सारख्या शिवल्या असत्या तर उजवी जमिनीला घासली असती, चार दिवसांत कुणीतरी बोट दाखवलं असतं. म्हणून सासऱ्यांनी इंचभर आत दुमडली. दरवर्षी दोन पॅन्टी, दरवर्षी वजा एक. आणि या कानाचं त्या कानाला नाही! मी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायचो, मला नाही सांगितलं. ही त्यांची मुलगी, हिला नाही. मला फक्त पहिल्या दिवशी म्हणाले होते, जावईबापू, टेप गळ्यात ठेवायची आणि आकडा पोटात. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, हे वहीत लिहायचं आणि वही मिटायची. मी मान डोलावली होती.

आणि आता मी — चांगलं उलगडून सांगितलं की तुम्हाला. मी इंजिनाचं सांगत होतो हो. खरंच मी इंजिनाचंच सांगत होतो.

कसली शर्यत? — शाळेत. पालकांची. हं. — सगळ्यांचे वडील धावले, आणि हे कडेला बसून राहिले. तुम्ही किती वर्षांच्या? — नऊ. मग रागावणारच हो तुम्ही, नऊ वर्षांचं पोर रागावणार नाही तर काय. — किती दिवस बोलला नाहीत? — अहो, ते काय मनात धरून बसले असतील का? उलट सुटलो म्हणाले असतील. पोरगी रागावली तर रागावली, पण विचारलं नाही, असं. पाणी घ्या. रुमाल नको तो, त्याला खडू लागलाय, हे अस्तराचं कापड घ्या, कोरं आहे.

काय म्हणालात?

कुणालाच नाही? — म्हणजे डॉक्टरांनाही — अहो पण ताई, आता त्यांना कोण काय करणार? खाण बंद, नियम करणारे गेले, तेही गेले. उलट कौतुकच होईल! एक पाय आखूड, आणि सत्तावीस वर्षं एक वाघीण रुळावरून उतरली नाही त्यांच्या हातून! नकाशात मी छान लिहिलं असतं, बाण काढून, ‘ड्रायव्हरची फळी’. आणि नाव नसतं घातलं कुणाचं, शपथ. — हो. अकरा जणांना कळणारच म्हणा, फोटोत एकच तर माणूस आहे.

हं. — बरोबर आहे तुमचं. त्यांनी तुम्हाला, पोटच्या मुलीला सांगितलं नाही, तर दातांच्या डॉक्टरांना कशाला.

अगं, तू काय म्हणतेस? — हिनं काज थांबवलंय आणि बघतेय माझ्याकडे. बाप असाच बघायचा तिचा.

बरं. द्या ती पॅन्ट इकडे. काल मी मोरी उसवली ना बघायला, ती आधी नीट करतो. पिशवी नकोच ना आता? — मलाही तेच वाटलं. अशीच ठेवा घडी करून. दुमड होती तिथेच घेतो, हे बघा, जुनी घडी अजून दिसते, कापडानं सोडलेली नाही. बारीक टाका घालतो, सासऱ्यांच्याइतका नाही येणार, पण बाहेरून दिसणार नाही एवढं बघतो. तुम्हाला गंमत वाटेल, चौदा महिने मला वाटत होतं की ती फळी काय आहे हे कळलं की मी छतावर चढून ओरडेन. कळलं, आणि काल रात्रभर मी नुसता पडून हसत होतो, ही म्हणाली झोपा आता. म्हणजे आनंद तर झाला ना, तो काही कुणी परत घेत नाही. मॉडेलात फळी राहीलच. सव्वा मिलिमीटर जाडीची, उजव्या हाताला. ती मात्र मी काढणार नाही हं, कुणी कितीही सांगितलं तरी. ती होती तिथे, ती तिथे राहणार. — हो? चालेल? जीव भांड्यात पडला माझा.

झालं. दात लावून दोरा तोडतो, कातर कुठे गेली देव जाणे. हे घ्या. मोरीला मोरी लावू नका फक्त कुणासमोर. — हसलात! बरं वाटलं. पैसे कसले हो, इतकुशी तुरपाई. फोटो घेतलात ना? पिशवीत सपाट ठेवा, दुमडेल.

अरे वा, डॉक्टर! या, या, पाचला पाच कमी आहेत, तुम्ही आपले घड्याळाच्या पुढे. त्या स्टुलावर नका — बसलात? असू दे. — कोण, या? गिऱ्हाईक आहेत, एक मोरी करायची होती. — नकाशा होय? तयार आहे की. हा काय. बाण काढलाय, पुढे लिहायचं राहिलंय तेवढं. — हो, ठरलं ना. बघितलं मी सगळं पुन्हा, भिंगानं. — वाळू. — वाळू म्हटलं! वाळूच्या पेटीचं झाकण. तुमचंच बरोबर. — आता कशावरून कशाला विचारता, मान्य केलं ना मी? — हो, रविवारी म्हणतो. उभं राहून म्हणतो. अकरा जणांसमोर, मोठ्यानं. — आत्ता? आत्ता कशाला, या बाईंसमोर? — बरं. मी चुकलो. माझ्यापेक्षा यांना जास्त कळतं. झालं समाधान? — घ्या, लिहिलं, हे बघा, ‘वाळू’, शाईनं लिहिलं.

ताई, तुम्ही अजून थांबलात? तुमचं काम झालंय. या आता.